चाहत्याच्या हातचं पान

दिवसा छापखान्यात मुद्रितशोधन आणि संध्याकाळी फिल्म सोसायटीची पत्रिका, अशी माझी उमेदीची बहुतेक वर्षं मुंबईत गेली. छापखान्यात कायद्याची पुस्तकं, पंचांगं, लग्नपत्रिका, पतपेढ्यांचे अहवाल असं समोर येईल ते वाचायचं. संध्याकाळचं काम मात्र आपखुशीचं होतं. सोसायटी महिन्याला दोन-तीन चित्रपट दाखवायची आणि प्रत्येक चित्रपटाबरोबर सभासदांच्या हातात चार पानांची पत्रिका जायची. लिहिणारे सगळे सभासदच. बँकेतला कारकून, महापालिकेच्या शाळेतल्या बाई, रेल्वेतले टीसी, विमा एजंट, कॉलेजची पोरं. मानधन कुणालाच नव्हतं आणि कुणी स्वतःला समीक्षक म्हणवून घेत नव्हतं. सिनेमावर जीव होता म्हणून लिहायचे.

तो मजकूर तपासायचं आणि पानावर मांडायचं काम माझ्याकडे आलं आणि माझ्याकडेच राहिलं. पुढे पुढे चाहत्यानं केलेलं कुठलंही पान हातात आलं, की डोळे आपोआप ठरावीक जागी जायला लागले. काय ठळक छापलंय, काय बारीक? चित्र कुठलं निवडलंय? पहिलं वाक्य चित्रपटाबद्दल आहे की लिहिणाऱ्याबद्दल? एवढ्यावरून कळतं, की हा माणूस आपल्याला चित्रपट दाखवतोय की चित्रपटावरचं स्वतःचं प्रेम. मला पहिल्या प्रकारची पानं आवडतात. ती आवड कशी घडत गेली, ते लिहावंसं वाटतंय.

सुरुवात भाषेपासून करते. आमच्याकडे येणाऱ्या लेखांत विशेषणांचा पूर असायचा. हृदयस्पर्शी, दाहक, विदारक, अप्रतिम, काळजाला हात घालणारा. लिहिणाऱ्याचं मन भरून आलंय हे वाचताना दिसायचं, चित्रपट काही दिसायचा नाही. एका चित्रपटावरचा अख्खा परिच्छेद उचलून दुसऱ्या चित्रपटावर ठेवला असता तरी वाचणाऱ्याला पत्ता लागला नसता. वाईट याचं वाटायचं, की हीच माणसं चित्रपट संपल्यावर बाहेर चहा पिताना फार नेमकं बोलायची. कुणी एखाद्या दरवाज्याबद्दल बोलायचं, कुणी पावसाच्या आवाजाबद्दल. हातात पेन आलं की ते सगळं जाऊन त्या जागी छापील शब्द यायचे.

व्हित्तोरिओ दे सिकाचा ‘बायसिकल थीव्हज’ आमच्याकडे लागला तेव्हाची गोष्ट. चित्रपट १९४८ चा, इटालियन. १९५२ साली मुंबईत पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला, त्यात तो इथल्या लोकांनी पाहिला आणि पुढच्याच वर्षी त्याचा प्रभाव घेऊन बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ आला. हा सगळा इतिहास आमच्या बँकेतल्या सभासदानं व्यवस्थित लिहिला होता. चित्रपटाबद्दल मात्र ‘दारिद्र्याचं विदारक चित्रण’ यापलीकडे फारसं काही नव्हतं. दादर स्टेशनच्या बाकावर बसून मी त्याला विचारलं, ‘‘हे सगळं बाजूला ठेव. काल घरी जाताना गाडीत तुझ्या डोळ्यांसमोर काय होतं?’’ तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘‘हॅट.’’

सायकल चोरीला गेलेला बाप शेवटी स्वतःच एक सायकल चोरायला जातो आणि पकडला जातो. लोक त्याला घेरतात, धक्काबुक्की करतात, त्यात त्याची हॅट खाली पडते. मुलगा ब्रूनो ती उचलतो आणि रडत रडत हातानं तिची धूळ झटकतो. बापाच्या अब्रूचं काय झालंय हे त्या पोराला कळलंय की नाही, हे चित्रपट शब्दांत सांगत नाही. पोरगा हॅट साफ करत राहतो, एवढंच.

पहिल्या मसुद्यात हॅट कुठेच नव्हती. दुसरा मसुदा हॅटपासूनच सुरू झाला. तिथून तो बापाचं काम करणाऱ्या लाम्बेर्तो माज्जोरानीकडे गेला. हा कारखान्यात काम करणारा माणूस, नट नव्हे. असा माणूस निवडल्यावर दिग्दर्शकाला संवादांपेक्षा हातांच्या हालचालींवर जास्त भिस्त ठेवता आली, असं आमच्या या सभासदानं स्वतःच्या बुद्धीनं मांडलं. विदारक हा शब्द पुन्हा आला नाही आणि त्याची उणीवही भासली नाही. ती पत्रिका कितीतरी सभासदांनी जपून ठेवली.

त्यानंतर आम्ही एक नियम केला, की पहिल्या परिच्छेदात एकही विशेषण नको. पडद्यावर जे दिसलं किंवा ऐकू आलं तेच आधी लिहायचं. काहींना हा नियम जाचक वाटला, एका जुन्या सभासदानं तर लिहिणंच सोडलं. मला त्याचं वाईट वाटलं, पण नियम बदलावासा वाटला नाही. चाहत्याकडे एक गोष्ट असते जी रोजच्या वर्तमानपत्री परीक्षणकाराला परवडत नाही. एकच चित्रपट तो पुन्हा पुन्हा पाहतो. ती नजर कागदावर आली नाही, तर त्याच्या लिहिण्याचा उपयोग काय?

दुसरा धडा नावांचा. आमच्याकडच्या शिक्षिका बाई अंधारात वहीवर श्रेयनामावली उतरवून घ्यायच्या. ओळी एकमेकींवर चढायच्या, घरी जाऊन त्या सोडवत बसायच्या. त्यांचा आग्रह असायचा, की नावं पत्रिकेच्या शेवटी बारीक टायपात टाकू नका, आधी छापा. मला सुरुवातीला ते पानाच्या दृष्टीनं जड वाटायचं. ‘संत तुकाराम’च्या पत्रिकेच्या वेळी त्यांचं म्हणणं मनोमन पटलं.

प्रभातचा हा चित्रपट १९३६ चा. दुसऱ्या वर्षी तो व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला, ही गोष्ट मराठी माणूस अभिमानानं सांगतो. विष्णुपंत पागनीस सगळ्यांना माहीत असतात. दामले आणि फत्तेलाल ही नावंही असतात. पण बाईंनी यादीत शिवराम वाशीकर यांची पटकथा, व्ही. अवधूत यांचं छायाचित्रण, केशवराव भोळे यांचं संगीत हे सगळं ठळक टायपात घ्यायला लावलं आणि शांताराम आठवले यांच्या नावाखाली एक ओळ जोडली. चित्रपटातलं बीजाबद्दलचं ते प्रसिद्ध गाणं अनेक जण तुकोबांचा अभंग म्हणून गातात. ते आठवल्यांनी चित्रपटासाठी लिहिलेलं आहे. तुकोबांच्या भाषेशी ते इतकं एकजीव झालंय, की लिहिणाऱ्याचं नावच लोकांच्या लक्षातून गेलं. प्रयोगाच्या दिवशी ती ओळ वाचून प्रेक्षकांत कुजबुज झाली, कुणी भजनी मंडळातले गृहस्थ तर वादच घालायला आले. बाईंनी त्यांना शांतपणे पडद्यावरची अक्षरं दाखवली. आठवल्यांच्या शब्दकळेवरचं प्रेम दहा ओळी लिहून जितकं पोचलं नसतं, तितकं ते नाव योग्य जागी छापल्यानं पोचलं, असं मला आजही वाटतं.

त्याच पत्रिकेसाठी चित्र निवडायचं होतं. सगळ्यांची पसंती अर्थातच टाळ-वीणा घेतलेल्या, डोळे मिटलेल्या पागनीसांना. मी हट्टानं जिजाईचं घेतलं. गौरीबाईंनी उभी केलेली ही जिजाई देवावर चिडते, पोर आजारी पडल्यावर थेट पांडुरंगालाच जाब विचारायला निघते. तिच्याशिवाय या चित्रपटातली भक्ती अधांतरी राहिली असती. ज्यांनी चित्रपट अनेकदा पाहिला होता, त्यांनाही तिचं चित्र पहिल्या पानावर बघून तो पुन्हा पाहावासा वाटला.

मांडणीचं बाकी शिक्षण मला एका पेंटरकाकांनी दिलं. ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे, तरुणपणी थिएटरवरचे मोठे बोर्ड रंगवणाऱ्यांच्या हाताखाली होते. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांबद्दल ते गुरूबद्दल बोलावं तसं बोलायचे. ‘सैरंध्री’ १९२० साली करणारे बाबूराव स्वतःच्या चित्रपटांची पोस्टरंही स्वतः रंगवायचे. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चं पोस्टर त्यांच्याच हातचं. काकांचं म्हणणं, की पोस्टर रंगवणाऱ्यानं चित्रपट पाहिलाय की नुसते फोटो पाहिलेत, हे रस्त्यावरून चालताना कळतं. नाटकांच्या जाहिरातींत कमल शेडगे नाटकाच्या नावातच त्याचा स्वभाव दाखवायचे, ते काका मला वर्तमानपत्राची कात्रणं दाखवून समजावायचे. अमुक अक्षराची मात्रा का झुकली, अमुक जागी शिरोरेषा का तोडली.

‘कुंकू’ची पत्रिका आम्ही दोघांनी मिळून केली. व्ही. शांतारामबापूंचा १९३७ चा चित्रपट, नारायण हरी आपटे यांच्या कादंबरीवरचा. म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधलेली तरुण नीरा ते लग्न मनानं मानतच नाही. शांता आपटे यांचा चेहरा छापणं अगदी सोपं होतं. काकांनी भिंतीवरचं घड्याळ निवडलं. ते पानाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात ठेवलं आणि त्याच्याखालचा अख्खा रकाना कोरा सोडला. मी म्हटलं, कागद महाग आहे. ते म्हणाले, ‘‘या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही ना? जे ऐकू येतं ते घरातलं, रस्त्यावरचं. मग तू कशाला पान भरून टाकतेस?’’ चित्रपटात जे वगळलंय त्याची जागा कागदावरही मोकळी ठेवायची, हे तोवर मला कुणी सांगितलं नव्हतं.

या सगळ्याला छपाईची मर्यादा होतीच. सुरुवातीला स्टेन्सिल कापून सायक्लोस्टाइल करायचो. चित्राचा प्रश्नच नव्हता, वेलांटी फाटली तर शाई झिरपायची. नंतर खिळे जुळवून ट्रेडलवर. तेव्हा चित्रासाठी जस्ताचा ब्लॉक करून घ्यायला लागायचा आणि आमच्या खडबडीत कागदावर अंधाराचे प्रसंग म्हणजे नुसता काळा ठिपका उमटायचा. म्हणून ‘राशोमोन’चं चित्र निवडताना मी छायाचित्रकार मियागावांनी पानांआडून टिपलेल्या उन्हाचं घेतलं. काळं-पांढरं इतकं स्वच्छ वेगळं होतं, की आमच्या कागदावरही ते टिकलं. कागद काय पेलू शकतो हे बघूनच चित्र निवडायचं, हे पुढे कॉम्प्युटरवर पानं लावतानाही उपयोगी पडलं.

मात्र सगळ्यात जास्त मी ज्या पानांवरून शिकले ती आमच्या सोसायटीची नव्हेत. लालबागच्या एका गिरणी कामगाराची वही आहे ती. आमच्या एका सभासदाच्या चाळीत ते राहायचे. सोसायटी वगैरे त्यांच्या कानावरही नव्हतं. १९६० च्या दशकाच्या शेवटापासून त्यांनी पाहिलेला प्रत्येक चित्रपट हिशेबाच्या लांबट वहीत नोंदवलाय. खळीनं चिकटवलेली कात्रणं, गाण्यांच्या पुस्तिकेची मुखपृष्ठं, कधी तिकिटाचा अर्धा तुकडा. कडेला मिठाईच्या खोक्यावरून कापलेली सोनेरी पट्टी. प्रत्येक पानावर उजवीकडे वर थिएटरचं नाव, खेळ तीनचा, सहाचा की नऊचा, तिकिटाचा दर, बरोबर कोण होतं. खाली एखादीच ओळ, क्वचित दोन.

‘पिंजरा’चं पान मी लोकांना नेहमी दाखवते. १९७२ चा चित्रपट. संध्याबाईंचं मोठं रंगीत चित्र त्या काळात कुठेही मिळालं असतं, यांनी ते लावलेलं नाही. डॉ. लागूंची दोनच छोटी कात्रणं आहेत. डाव्या टोकाला पांढऱ्या टोपीतला मास्तर, उजव्या टोकाला फडाबरोबर फिरून खंगलेला मास्तर. मधलं पान पूर्ण रिकामं. खाली पेन्सिलीनं लिहिलंय, ‘मास्तर दोनदा मेला.’

ज्यांनी चित्रपट पाहिलाय त्यांना हे वाक्य किती नेमकं आहे ते कळेल. गावासाठी मास्तर आधीच मेलेला आहे, त्याचा पुतळा उभा राहतो. आणि मग तोच माणूस स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली फासावर जातो. खेबूडकरांची गाणी, राम कदमांचं संगीत, याबद्दल वहीत अक्षर नाही. त्या माणसाला चित्रपटाचा कणा सापडला होता. दोन कात्रणांमधलं अंतर त्यानं पट्टीनं मोजून ठेवलंय, पेन्सिलीच्या खुणा अजून दिसतात. मांडणी आणि भाषा एकाच डोक्यातून, एकाच गोष्टीसाठी आलेली इतकी स्वच्छ मी दुसरीकडे पाहिली नाही.

‘सिंहासन’च्या पानावर चित्रच नाही. फक्त पात्रांची यादी आहे, पण ती नटांच्या मानाप्रमाणे लावलेली नाही. मुख्यमंत्री वर, मग अर्थमंत्री, मग कामगारनेता आणि सगळ्यात खाली, एक ओळ सोडून, पत्रकार दिगू. शेजारी लिहिलंय, ‘शेवटी हा हसतो. आमच्या रांगेत कोणी हसलं नाही.’ चित्रपट १९७९ चा. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला. त्या वर्षापासून वहीत नोंदी विरळ होत जातात. तिकिटाचा दर आधी प्रत्येक पानावर असायचा. नंतरच्या काही पानांवर त्या जागी ‘पास’ लिहिलंय, काहींवर ‘टीव्ही, शेजारी’. संपाबद्दल एकही वाक्य नाही, तरी गिरणगावातल्या त्या वर्षांबद्दल ही पानं जे सांगतात ते मला कुठल्या अहवालात वाचायला मिळालं नव्हतं.

अशा कागदांची किंमत कळायला चित्रपटाच्या इतिहासाकडे थोडं पाहावं लागतं. ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला. भारतातला पहिला बोलपट. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. छायाचित्रं, जाहिराती, छापील कागद यांवरूनच त्याची ओळख करून घ्यायची. पुण्यात २००३ साली लागलेल्या आगीत नायट्रेट फिल्मवरची कितीतरी जुनी रिळं गेली. चित्रपट जातो आणि त्याच्याभोवतीचा कागद उरतो, असं आपल्याकडे वारंवार झालंय. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पी. के. नायर यांनी रिळांइतक्याच आस्थेनं पोस्टरं आणि गाण्यांच्या पुस्तिका का गोळा केल्या, ते यावरून समजतं. आणि कानपूरचे हरमंदिर सिंह ‘हमराज़’ यांचा ‘हिंदी फ़िल्म गीत कोश’ घ्या. हिंदी चित्रपटगीतांवर काम करणारा प्रत्येक जण तो उघडतो, आणि तो कुठल्या विद्यापीठानं केलेला नाही. गाण्यांवर प्रेम करणाऱ्या माणसानं चिकाटीनं एकेक नोंद तपासत केला. प्रेम असंही व्यक्त होतं: गीतकाराचं नाव बरोबर, साल बरोबर, तबकडीचा क्रमांक बरोबर.

आता सोसायटीत तरुण मुलं पानं करतात. मांडणीची त्यांची समज आमच्यापेक्षा किती तरी चांगली आहे. भाषेत मात्र जुनाच पूर वेगळ्या शब्दांत येतो. ‘फँड्री’वर एका मुलीनं लिहिलं होतं, शेवट अंगावर येतो. मी तिला विचारलं, नक्की काय येतं अंगावर? तिनं तिथल्या तिथे वाक्य बदललं: जब्यानं भिरकावलेला दगड कॅमेऱ्याकडे येतो आणि पडदा काळा होतो, तो कुणाला लागायचा होता ते आपण खुर्चीत बसून ठरवायचं. त्याआधीचा तो प्रसंग, पकडलेलं डुक्कर खांद्यावरून नेताना मागे शाळेच्या भिंतीवर फुले, आंबेडकर, शाहू महाराजांची चित्रं दिसतात, तो तिनं चौकटीची एक छोटी रेखाकृती काढून दाखवला. कोण चालतंय, भिंत कुठे, चेहरे कुठे. पेंटरकाकांना ते पान आवडलं असतं.

या मुलांनीच आता लालबागच्या वहीचं काम हातात घेतलंय. घरच्यांनी परवानगी दिली आहे. आमच्या जुन्या पत्रिकांच्या कॉम्प्युटरवरच्या फायली काय झाल्या ते मुलांनी पाहिलंय. जुन्या फॉण्टमध्ये केलेला मजकूर आज उघडला तर मराठीच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग दिसते, आणि युनिकोडमध्ये बदलताना रफार आणि जोडाक्षरं मोडतात. त्यामुळे वहीचं प्रत्येक पान आधी पूर्ण, कडेच्या सोनेरी पट्टीसकट, स्कॅन होतं. एका मुलाचं म्हणणं होतं, की चित्रपट, थिएटर, दर आणि तारीख एवढं तक्त्यात भरलं की झालं, शोधायला सोपं. तक्ता हवाच. पण ‘पिंजरा’च्या पानावरची रिकामी जागा तक्त्याच्या कुठल्या रकान्यात भरणार? तक्ता आणि पान दोन्ही ठेवायचं, असं शेवटी ठरलं.

अडकलंय ते शुद्धलेखनावर. वहीत ‘फोटूग्राफी’ आहे, ‘डायरेक्शर’ आहे, इंग्रजी चित्रपटांची नावं तर कानाला ऐकू आली तशी. मुलं म्हणतात, बाई, तुम्ही मुद्रितशोधक, तुम्हीच दुरुस्त करून द्या. मी नाही म्हटलंय. सूचीत चित्रपटाचं बरोबर नाव देऊ म्हणजे शोधणाऱ्याला अडचण नको. पानावर मात्र त्यांनी लिहिलंय तसंच राहील, कारण तिकिटाच्या खिडकीवर आणि चाळीच्या गॅलरीत ती नावं तशीच उच्चारली जात होती. हा मुद्दा पुढच्या बैठकीत पुन्हा निघणार आहे, आणि मी तेच सांगणार आहे.